'भौतिकशास्त्र १९७०नंतर थांबलंय' म्हणे!

एक मजकूर सध्या या गटातून त्या गटात फिरतोय: 'भौतिकशास्त्र १९७०नंतर थांबलंय. अत्याधुनिक संशोधन म्हणजे सर्नसारखी अब्जावधींची यंत्रं. आपल्याकडे त्यातलं काही होत नाही.'

पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. २०१२मध्ये सर्नला, म्हणजे युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडला, त्यानंतर तिथं नवा मूलकण हाती लागलेला नाही. पण मूलकण आणि त्यांच्यातली बलं सांगणाऱ्या, १९७०च्या दशकातल्या प्रमाण प्रारूपात न्यूट्रिनो या कशाशीही क्वचितच भिडणाऱ्या मूलकणाला वस्तुमान नव्हतं. ते असतं हे १९९८मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदे या भूमिगत शोधयंत्रानं दाखवलं. म्हणजे प्रारूपाला तडा गेलाय. तो कसा बुजवायचा, यावर आजही डोकेफोड चालू आहे.

यंत्रांचं म्हणाल, तर गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी मँचेस्टरमध्ये साध्या चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलत सोलत ग्रॅफीन, म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर, वेगळं केलं. २००४चा शोधनिबंध, २०१०चं नोबेल. पुढे बोलायची गरज नाही.

तिसऱ्या वाक्याचा मात्र राग येतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जाऊन या, तिथं जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्याही भरीव पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या. लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरींना जाळी पुरते, वारा आरपार जातो आणि खर्चही वाचतो. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचं हे डोकं. ही दुर्बीण काही पल्सारांचे, म्हणजे गरगर फिरत ठरावीक तालात रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांचे, ठोके मोजते. प्रकाशवर्षं लांबीची गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाश-काळाला ताणत-आक्रसत जाणारी लाट, गेली, की ठोका अगदी किंचित, नॅनोसेकंदांच्या हिशेबात, पुढेमागे होतो. अडचण अशी, की वाटेतले इलेक्ट्रॉनही ठोका लांबवतात, आणि वारंवारता जितकी कमी तितका उशीर जास्त. म्हणूनच खोडदचं कमी वारंवारतेचं मोजमाप मोलाचं: हा उशीर नेमका कळतो आणि वजा करता येतो. जून २०२३मध्ये युरोपीय गटाबरोबर भारत-जपान गटानं अशा लहरींचा पुरावा मांडला, त्यात ही मोजमापं होती. पक्का शोध म्हणण्याइतका तो भक्कम अजून नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आणि २०१५मध्ये अमेरिकेत पहिली गुरुत्वीय लहर पकडली गेली, त्याच्या चोवीस वर्षं आधी, १९९१मध्ये, सत्यप्रकाश आणि धुरंधर यांनी गोंगाटातून असा संकेत वेचायला कोणते साचे (अपेक्षित संकेताचे नमुने) वापरायचे याचं गणित मांडलं होतं. धुरंधर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतले.