श्रीमंत देश झालाच, तर न्याय असा करा

समजा उद्या तुमचा एखादा श्रीमंत देश झाला. होईल ओ, काय सांगता येतंय. मग हवामान परिषदेत जाऊन जगाला न्याय कसा द्यायचा ते आत्ताच शिकून ठेवा. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फौंड्रीचं (लोखंड वितळवून ओतकाम करायचा कारखाना) ऑफिस बघतो आणि युरोपातल्या गिऱ्हाइकानं पाठवलेली एक एक्सेल फाईल सध्या माझा जीव खातीय, त्यामुळं माझा अभ्यास ताजा आहे.

पहिलं म्हणजे दीड-दोनशे वर्षं पोटभर कोळसा जाळून घ्या. तेव्हा कुणाला काय कळत नव्हतं म्हणायचं.

मग १९९२ ला रिओत केलं तसं 'जबाबदारी सगळ्यांची, पण ज्याच्या त्याच्या वाट्यानुसार' असं करारात छान लिहून टाका. लिहायला काय जातंय.

१९९७ चा धूर कमी करायचा क्योटो करार आला की सही करा आणि घरी जाऊन मंजूरच करू नका, अमेरिकेनं तेच केलं. किंवा कॅनडासारखं मंजूर करून नंतर बाहेर पडा. पॅरिस करारातनं तर दोनदा बाहेर पडता येतं, तेबी अमेरिकेनंच करून दाखवलंय.

पैशाचं विचारलं तर मोठा आकडा आणि लांबची तारीख सांगा. २००९ ला कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देश म्हणाले, गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देतो, ते यांच्याच हिशोबानं २०२२ ला भरले आणि त्यातबी बरंचसं कर्ज. २०२४ ला बाकूच्या परिषदेत गरीब देशांनी वर्षाला १.३ ट्रिलियन, म्हणजे १३०० अब्ज डॉलर मागितले, मिळालं वर्षाला ३०० अब्जाचं आश्वासन, तेबी २०३५ पर्यंत. भारताला बोलायचं होतं, तोवर हातोडा आपटून ठराव पास.

आता मुख्य युक्ती, सीबॅम, म्हणजे युरोपनं बाहेरच्या मालावर लावलेला कार्बनचा कर. आपल्या कारखान्यांचा धूर चीन-भारताकडं सरकला की तिकडनं येणाऱ्या लोखंडावर कार्बनचा दाम लावायचा. म्हणून ती फाईल. आमच्या पाईप फिटिंगमागं किती कार्बन गेला ते टनावारी सांगा म्हणे. वीज किती, डिझेल किती, इथपर्यंत ठीक, पण पिग आयर्न (भट्टीत वितळवायचं कच्चं लोखंड) कुठल्या प्लांटमधनं आलं आणि तिथं किती कोळसा जळाला? सप्लायरला फोन केला तर तो म्हणतो मेल टाका, मेल टाकला तर उत्तर नाही, आणि आकडा नाही दिला तर त्यांची डिफॉल्ट व्हॅल्यू, म्हणजे त्यांनीच ठरवलेला जादाचा आकडा लागणार, म्हणजे आपण आहे त्यापेक्षा घाणेरडे ठरणार. २०२६ पासनं आलेल्या मालावर कार्बनच्या सर्टिफिकेटचे पैसे भरायचे इंपोर्टरनं, पण तो ते कुणाच्या रेटमधनं कापणार हे मोल्डिंगवरच्या पोरालाबी कळतंय. आणि ते पैसे जाणार कुठं? युरोपच्याच तिजोरीत! भिशीचा पहिला नंबर उचलून हप्ते बुडवणारा गडी शेवटच्या नंबरवाल्याकडनं दंड मागतोय, असला प्रकार.

वर्षाला माणशी कार्बन आमचा दोन टनाच्या आसपास, अमेरिकेचा चौदाच्या. (त्या दोन टनाच्या सरासरीमागं आपलेबी बंगलेवाले आरामात लपतात, ते वेगळं.)

बास झाली थट्टा. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली, शहरात पेट्रोल येईना, गॅस येईना. २०२१ ला परत तेच. पूररेषेत बांधकामं आम्हीच केली, मान्य, त्याबद्दल आम्हाला शिव्या घाला. पण असला पाऊस वाढवणारा धूर सगळ्यात जास्त कुणी सोडला? हवामानानं गरीब देशांचं जे नुकसान होतं त्याच्या भरपाईच्या फंडात दुबईच्या परिषदेत २०२३ मध्ये अमेरिकेनं कबूल केले पावणेदोन कोटी डॉलर. एवढ्या मोठ्या देशानं! लाज वाटत नाही? फिटिंगच्या किलोकिलोचा हिशोब मागता, मग तुमच्या दोनशे वर्षांचा कोण देणार? आधी त्या फंडात पैसे टाका, रोख टाका, कर्ज म्हणून नको, आणि मग आमच्या भट्टीपाशी वही घेऊन या.