वॉलेनबर्ग आणि सही-शिक्का

राउल वॉलेनबर्गवरच्या पोस्टी बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. तरुण स्वीडिश मुत्सद्दी, नाझींपुढे छाती काढून उभा, एकट्यानं लाख ज्यू वाचवले. तो लाख भरतो बुडापेस्टच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, जिवंत सापडलेली सुमारे 70 हजार माणसं धरून, आणि ते सगळं एकट्याच्या खात्यावर मांडता येत नाही. माझ्या मते त्याची खरी कमाल कारकुनीत आहे.

मुळात तो मुत्सद्दी नव्हताच. मिशिगन विद्यापीठात आर्किटेक्चर शिकला, पुढे एका हंगेरियन ज्यू भागीदाराच्या आयात-निर्यात कंपनीत लागला. 9 जुलै 1944 ला वकिलातीचा सचिव म्हणून तो बुडापेस्टला पोचला, तोवर आठ आठवड्यांत चार लाखांहून जास्त ज्यू हंगेरीतून पाठवले गेले होते, बहुतेक ऑशविट्झच्या मृत्युछावणीत. उरले होते मुख्यतः राजधानीतले.

वकिलात आधीपासून तात्पुरते पासपोर्ट देत होती. यानं नवा कागद काढला, शुत्सपास, म्हणजे संरक्षणाचा पास. पिवळा-निळा, मधे तीन मुकुटांचं राजचिन्ह, फोटो, शिक्का, वकिलातीचे प्रमुख डॅनियलसन यांची सही आणि खाली डाव्या कोपऱ्यात याचा ‘डब्ल्यू’. मजकूर जर्मन आणि हंगेरियन: ही व्यक्ती स्वीडनला जाणार आहे, तोवर ती आणि तिचं घर वकिलातीच्या संरक्षणाखाली. वर हेही छापलेलं, की स्वीडनमध्ये प्रवेश केल्यावर 14 दिवसांनी कागद रद्द! स्वीडनला जायची वाट तर बंदच होती. पण अशी रुक्ष अट वाचली की कागद अस्सल वाटतो.

कायद्यानं त्याची किंमत जवळपास शून्य. तरी चालला, कारण सही-शिक्का बघून वरिष्ठाची भीती वाटणारी माणसं पहाऱ्यावर होती. हंगेरी सरकारनं 4500 ची मर्यादा घातली, यानं ती सरळ ओलांडली. शहराच्या पेस्ट या भागात तीसेक इमारती भाड्यानं घेऊन त्यांवर स्वीडनचे झेंडे लावले. कचेरीत 300 हून जास्त माणसं, बहुतेक ज्यूच. नोकरीमुळे त्यांना ज्यूंना सक्तीचा असलेला पिवळा तारा कपड्यांवर लावावा लागत नसे.

15 ऑक्टोबरला ॲरो क्रॉसवाल्यांनी, म्हणजे हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षानं, सत्ता घेतली आणि सगळे पास रद्द ठरवले. त्यांना मात्र स्वीडनची मान्यता हवी होती. तीच नस धरून वॉलेनबर्गनं परराष्ट्रमंत्री केमेनींकडून पास पुन्हा चालू करून घेतले. मान्यता स्टॉकहोमनं दिलीच नाही.

गाडं अडलं ते दोन ठिकाणी. बनावट पास इतके निघाले की खऱ्यांवरही संशय यायला लागला. आणि बंदूकवाल्या पोरांच्या टोळ्या कागद वाचतच नव्हत्या. ‘संरक्षित’ घरांतूनही लोक ओढून डॅन्यूबच्या काठावर गोळ्या घातल्या.

17 जानेवारी 1945 ला तो ड्रायव्हर लांगफेल्डरबरोबर डेब्रेत्सेनला, सोव्हिएत सेनापतींना भेटायला निघाला आणि त्यांच्याच अटकेत गेला. त्यानंतरचं स्वीडिश परराष्ट्र खात्याचं वागणं मला अक्षम्य वाटतं. जून 1946 मध्ये राजदूत सोडरब्लोम यांना खुद्द स्टालिनची भेट मिळाली, आणि तिथे त्यांनी स्वतःहून सांगितलं की आमचा माणूस बहुधा अपघातात नाहीतर दरोडेखोरांच्या हातून गेला असावा. उत्तर आयतं पुरवल्यावर मॉस्को कशाला तोंड उघडेल? 1957 मध्ये सोव्हिएतांनी कळवलं, जुलै 1947 मध्ये लुब्यांका तुरुंगात हृदयविकारानं गेला. कुटुंबाला ते कधीच पटलं नाही.

स्वीडनमध्ये जन्म-मृत्यूची नोंद कर खात्याकडे असते. 2016 मध्ये त्या खात्यानं त्याला मृत घोषित केलं आणि नियमाप्रमाणे तारीख घातली, 31 जुलै 1952.