‘योग्य वापर केल्यास वरदान’ हे वाक्य आता पुरे

आज संध्याकाळी शेजारची नववीतली मुलगी निबंधाची वही घेऊन आली. विषय नेहमीचाच, ‘मोबाईल: शाप की वरदान’. तिने लिहिलं होतं की बाबा मुंबईला नोकरीला असतात, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे घरी येतात, बाकी दिवस मोबाईलवरच दिसतात, म्हणून मोबाईलला शाप म्हणायला मी तयार नाही. दादा रात्र रात्र गेम खेळतो हेही खरं, पण त्याला आवर घरच्यांनी घालावा, त्यासाठी सगळ्याच मुलांच्या हातून मोबाईल काढून घेणं मला पटत नाही.

दहापैकी तीन गुण. खाली लाल शाईत शेरा: ‘फायदे-तोटे लिहून, योग्य वापर केल्यास वरदान, असा समारोप अपेक्षित.’

माझं डोकंच फिरलं. भाजी चिरायची तशीच ठेवून लिहायला बसलेय.

त्या पोरीने भूमिका घेतली, कारण दिलं, समोरच्याचं जेवढं खरं होतं तेवढं मान्य केलं आणि तरी आपल्या जागेवर ठाम राहिली. अजून काय हवं होतं? सगळ्या वर्गाच्या वहीत एकच समारोप हवा असेल तर तो फळ्यावर लिहून द्या आणि मोकळे व्हा. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत स्वमताचे प्रश्न असतात, वैचारिक लेखन असतं. ज्यांनी अभ्यासक्रम बसवला त्यांनी विचार करून ठेवलंय हे. आणि बाजारातल्या गाईडांत त्या स्वमताचीही तयार उत्तरं छापलेली असतात, मुलं ती घोकतात, आणि आम्ही मराठीचे शिक्षक त्यांना पैकीच्या पैकी देतो! चीड येते.

मी मालवण तालुक्यात मराठी शिकवते. मागे नववीच्या वर्गाला विषय दिला होता, पर्ससीन म्हणजे बोटीवरून मोठं जाळं फिरवून केलेल्या मासेमारीवर बंदी असावी का. वर्गात एक रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा, मुलगा होता. त्याने पहिलंच वाक्य लिहिलं, ‘पर्ससीनवाले चोर आहेत.’ मी म्हटलं, हे राहू दे बाजूला, आधी पर्ससीनवाल्याची बाजू लिहून आण. अशी लिहायची की त्याने स्वतः वाचून म्हणावं, होय, माझं म्हणणं हेच. पोरगा लालबुंद. “बाई, मिया तेंची बाजू कित्याक लिवू?”

दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग जेटीवर जाऊन एका बोटवाल्याशी बोलून आला आणि पान भरून लिहिलं. बोटीवर बँकेचं कर्ज, डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, बंदीच्या काळात म्हणजे १ जून ते ३१ जुलै बोट किनाऱ्याला आणि हप्ता मात्र चालूच. शिवाय बोटवाल्याचा सगळ्यात जोरदार मुद्दा, जो त्या पोराने लपवला नाही: राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, आम्ही त्याच्या बाहेर जाळं टाकतो, मग तुमचं काय घेतलं?

ते पान वर्गात वाचल्यावर दंगा करणारी पोरंसुद्धा गप्प झाली.

आपल्याकडे शास्त्रार्थाची रीतच ही होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू मांडायची, पूर्ण ताकदीने, मग त्याचं खंडन. आणि आमची मुलं रात्रभर दशावताराचं नाटक बघतात! तिथे राक्षससुद्धा आपली बाजू पूर्ण मांडतो, आणि हातात संहिता नसताना मांडतो. मासळीच्या लिलावात, देवळाच्या मानपानात, बांधाच्या भांडणात आमच्या पोरांचं तोंड कोणी धरू शकत नाही. तीच पोरं पेन हातात घेतलं की ‘आजच्या धावपळीच्या युगात’ अशी सुरुवात करतात. हे त्यांच्या अंगातलं नाही हो, आम्ही शिकवलेलं आहे.

परत त्या पोराकडे येते, कारण खरं काम पुढेच होतं. त्याने उत्तरात लिहिलं, ‘समुद्रातले मासे संपले.’ मी समासात लिहिलं, पाहिलंस की ऐकलंस? मग तो आजोबांकडे बसला. पूर्वी रापण ओढली की बांगडा कसा यायचा, आता ओढणाऱ्या सगळ्या घरांना मिळून वाटा किती पडतो, ते विचारून आला. पर्ससीनचं जाळं थव्याभोवती फिरवून बटव्याची नाडी ओढावी तसं खालून आवळतात, त्यात थवाच्या थवा कसा अडकतो, ते त्याने नीट समजावून लिहिलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले होते, तेही शोधलं, आणि निर्बंध आहेत तर मग भांडण का मिटत नाही हा प्रश्न त्याचा त्यालाच पडला. ‘चोर’ हा शब्द त्याने स्वतःहून खोडला. त्याच्या जागी वाक्य आलं: ‘कर्ज त्यांनी काढले, पण त्याचा हप्ता आमच्या बांगड्याने का भरायचा?’

वाचताना माझ्या अंगावर काटा आला. असं वाक्य गाईडात मिळत नाही.

आता कोणीतरी म्हणणार, बाई, बोर्डाच्या गुणांचं काय? वर्गात साठ-सत्तर पोरं, वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, एवढ्या वह्या कधी तपासायच्या? मान्य. ज्याला दोन ओळीही लिहायला जड जातं त्याला पाठ केलेल्याचा आधार लागतो, तेही मान्य. ज्याने तो शेरा लिहिला त्या सरांचाही मला आता तेवढा राग नाही. त्यांनाही असंच शिकवलं असणार, आणि पेपर तपासणारा काय मागेल याची धास्ती त्यांनाही असेलच.

पण ज्या मुलीने स्वतःच्या घरातलं खरं लिहिलं तिला तीन गुण, हे नाही मी मान्य करणार.

बाळशास्त्री जांभेकर आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केलं, एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी, का तर आपल्या लोकांचं म्हणणं राज्यकर्त्यांनीही वाचावं. दरवर्षी ६ जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि मुलांकडून त्यांच्यावर पाठ केलेली भाषणं म्हणून घेतो. बाळशास्त्रींच्या जिल्ह्यात मुलांनी स्वतःचं मत लिहिलं की गुण कापायचे?

मराठीच्या ज्या शिक्षकांना हे पटतंय त्यांनी पुढचा विषय वाडीतला द्या. बागेत नासधूस करणाऱ्या वानरांचं काय करायचं, कमी पटाची शाळा बंद करावी का, काहीही. आधी विरुद्ध बाजू लिहून घ्या आणि त्या बाजूच्या माणसाला वाचून दाखवायला सांगा. तो हो म्हणाला की मगच मुलाने आपलं उत्तर लिहायचं. गुण कुठल्या बाजूने लिहिलं याला देऊ नका, कसं लिहिलं याला द्या. वह्या तपासायला हात कमी पडत असतील तर मला मेसेज करा, मे महिन्याच्या सुट्टीत मी मालवणातच आहे.