पाचवा तास, आठवी ब

मधली सुट्टी संपल्याची घंटा शिक्षकांसाठी असते. मुलांच्या लेखी ती सुट्टी संपत आल्याची पूर्वसूचना. घंटा झाली की मग नळावर रांग लागते, डब्यांची हरवलेली झाकणं शोधली जातात, अर्धवट राहिलेली भांडणं जिन्यात पूर्ण होतात आणि घामाने निथळत आठवी ब वर्गात शिरते. या मंडळींना आता समीकरणं शिकवायची, असं वेळापत्रक करणाऱ्या सरांनी जूनमध्येच ठरवून टाकलेलं असतं. त्या सरांना स्वतःला पाचवा तास ऑफ असतो, हा निव्वळ योगायोग.

शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे ३५ मुलं सांगितली आहेत. तासही ३५ मिनिटांचा. म्हणजे कायद्यानं चाललं तर एका मुलाला एक मिनिट. आमच्या पटावर ६२ आहेत, त्यामुळे दरडोई ३४ सेकंद येतात, आणि त्यातले वीस ‘बाई, यानं माझी पट्टी घेतली’ यातच संपतात.

बी.एड.ला वर्गनियंत्रण हा भाग असतो, पण तिथले सरावपाठ ज्या वर्गावर होतात त्या वर्गाच्या खऱ्या बाई मागच्या बाकावर डोळे वटारून बसलेल्या असतात. नियंत्रण त्या करतात, गुण आपल्याला मिळतात. नोकरी लागल्यावर मागचा बाक रिकामा होतो आणि तिथे भलतीच माणसं येऊन बसतात.

माझं म्हणणं एवढंच, की मुलं कामात असताना फारसा दंगा करत नाहीत. एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या फटीत करतात. आत येणं, वह्या काढणं, वह्या वाटणं, फळा पुसणं, शिपाईमामांनी दारात येणं: वर्गाचं दुखणं हे सगळं सांधेदुखीचं आहे. जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्गांचं चित्रीकरण बारकाईनं तपासून १९७० साली हेच मांडलं. दंगा झाल्यावर चांगला शिक्षक काय करतो आणि हतबल शिक्षक काय करतो यात त्याला फारसा फरक सापडला नाही. फरक होता तो दंग्याच्या आधीच्या मिनिटात. आमच्या शिक्षकखोलीत मात्र चर्चा कायम नंतरच्या मिनिटाचीच चालते.

तर आधीचं मिनिट. मुलं यायच्या आत फळ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात काम लिहिलेलं हवं: तीन उदाहरणं, कालच्याच प्रकारची, चार मिनिटांची. नव्या प्रकारचं एक जरी घातलं तरी चाळीस हात वर होतात आणि तास तिथेच बसतो. फार सोपी दिली तर पहिल्या बाकावरून मिनिटभरात ‘बाई, झालं!’ अशी आरोळी येते, आणि ती ऐकून बाकीच्या एकसष्टांचं लक्ष उडतं. म्हणून खाली रेघ मारून चौथं, जरा खोडकर उदाहरण ठेवायचं. झालं म्हणणाऱ्यानं ते सोडवायचं. झाल्याची आरोळी बंद. वही उलटी करून बाकाच्या कडेला ठेवली की झालं असं समजायचं.

आपण या वेळी टेबलाशी बसायचं नाही. दारात उभं राहायचं, एक पाय वर्गात, एक व्हरांड्यात. त्यामुळे आतले आणि बाहेरचे दोघेही बिचकून असतात. ‘एऽऽक साऽऽथ नमस्तेऽऽ’ पाचव्या तासाला माफ करावं, कारण मागचे बाक ते एवढं लांबवतात की नमस्कार संपेपर्यंत पुढचे खाली बसून गप्पांना लागलेले असतात. हजेरीही नावं घेऊन नको. एका नावाला तीन सेकंद धरले तरी ६२ नावांना तीन मिनिटं जातात, शिवाय गैरहजर मुलाच्या नावाला कोणीतरी बदललेल्या आवाजात ‘हजर’ म्हणतोच. कोणत्या जागा रिकाम्या एवढंच बघावं.

आता सूचना. ‘स्वाध्याय सोडवा’ असं म्हणून बघा. पुढच्या मिनिटात हे प्रश्न येतात: बाई, नवीन पानावर? बाई, प्रश्न लिहायचा? समास आखायचा? बाई, पेननं की पेन्सिलनं? निळ्या पेननं चालेल? माझं निळं संपलंय, काळ्यानं चालेल? एक ओळ सोडू? आणि हे सगळं पार पडल्यावर खिडकीशेजारून शांतपणे: बाई, कुठला स्वाध्याय? या मुलाचा राग येतो, पण दोष त्याचा नसतो. सूचना दिली तेव्हा तो पट्टीचा शोध घेत होता. म्हणून आधी ‘पेनं खाली’, सगळ्यांची पेनं बाकावर दिसेपर्यंत थांबणं, मग सूचना, तीही एका दमात: पान ४७, प्रश्न २, पहिली चार, आठ मिनिटं. तोंडानं सांगायचं आणि फळ्यावर लिहायचं. मग शेवटच्या बाकावरच्या एकाला म्हणायला लावायचं. त्यानं बरोबर सांगितलं तर सगळ्यांना कळलंय, असं धरून चालायला हरकत नाही. पेन, समास, ओळ यांची उत्तरं जाड अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहून फळ्याशेजारी कायमची टांगावीत. कोणी विचारलं की तोंड उघडायचं नाही, बोट दाखवायचं. ऑगस्टपर्यंत मुलंच एकमेकांना बोट दाखवू लागतात, जरा जास्तच उत्साहानं.

गप्प करण्याच्या पारंपरिक उपायांबद्दल दोन शब्द. टेबलावर डस्टर आपटल्यानं पहिल्या बाकावरच्या बिचाऱ्या हुशार मुलीच्या नाकात खडू जातो, बाकी काही होत नाही. ‘तीन म्हणायच्या आत’ हा उपाय मुलांना आपल्यापेक्षा नीट समजतो: एकला कोणी हलत नाही, दोनला मान वळते, आणि बाई दोननंतर अडीच, पावणेतीन असे अपूर्णांक काढतात हे त्यांना बालवाडीपासून ठाऊक असतं. ओरडणं तर सर्वांत महाग. आपला आवाज जितका चढतो तितका वर्गाचा चढतो, कारण मुलांना आपल्या आवाजाच्या वरून शेजाऱ्याला ऐकवायचं असतं. त्यापेक्षा ठरलेल्या एकाच जागी उभं राहून हात वर करावा आणि मुलांनी तो बघून आपला हात वर करावा. चूक एकाच ठिकाणी होते: पन्नास जण गप्प झाले की आपण हुरळून बोलायला सुरुवात करतो. उरलेले बारा जण त्याच क्षणी शिकतात, की गप्प न बसताही तास चालतो. त्या बारांसाठी दहा सेकंद थांबावं. जून महिना यातच जातो. जाऊ द्यावा.

मॉनिटरकडे बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला सोपवणं ही आपल्याकडची फार जुनी संस्था आहे, आणि तिचा कारभार जवळून बघण्यासारखा असतो. आपण बाहेर जाताच मॉनिटर खडू घेऊन उभा राहतो आणि वर्गातला सर्वांत मोठा आवाज त्याचाच असतो: ‘ए, गप्प बसा रे!’ पहिलं नाव फळ्यावर पडतं ते ज्यानं काल त्याला खो-खोत आउट केलं त्याचं. दुसरं, ‘माझं नाव का लिहिलंस?’ असं विचारणाऱ्याचं. मग नावापुढे फुल्या. एक फुली म्हणजे बोलला, दोन म्हणजे परत बोलला, तीन म्हणजे मॉनिटरला काहीतरी बोलला. फुल्या खोडण्याचा दर अर्ध्या चिक्कीपासून सुरू होतो. परीक्षेच्या दिवसांत भूगोलाच्या वहीपर्यंत जातो. मॉनिटरच्या बाकावरच्या तिघांची नावं त्या फळ्यावर कधीच दिसत नाहीत, ती मुलं जन्मजात मौनी असतात. आपण परतलो की नवी सुनावणी: बाई, मी पेन मागत होतो, बाई, मी त्याला गप्प बस म्हणत होतो. सहा मिनिटं गेली, आणि ज्यांना बाईंचं लक्ष हवं होतं त्यांना ते भरपूर मिळालं.

खडू मॉनिटरकडून काढून घ्यावा. त्याऐवजी कामं वाटावीत: वह्यांचे सहा जण, फळ्याचे दोन, खिडक्या-पंख्याचा एक. दर सोमवारी माणसं बदलायची. सर्वांत चळवळ्या मुलाला वह्यांचं काम द्यावं. त्याला तसंही उठायचंच असतं, मग उठण्याला काहीतरी कारण तरी असावं.

प्रश्न विचारायची रीतसुद्धा बदलावी लागते. ‘अमुक, तू सांग’ म्हणून मग प्रश्न विचारला तर अमुक सोडून एकसष्ट जण सुटीवर जातात. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारून शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी येतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. बासष्ट जणांसमोर गप्प उभं राहून बघा. नाव काढायला आइस्क्रीमच्या काड्यांवर हजेरीक्रमांक लिहून डब्यात ठेवावेत. काढलेली काडी परत डब्यातच टाकायची. बाजूला ठेवली, की त्या मुलाला उरलेल्या तासाची रजा मंजूर झाली.

बोलकी जोडी लांब बसवणं हा उपाय फसवा असतो. तीन बाक दूर केलेली जोडी गप्प होत नाही, मोठ्यानं बोलते, आणि मधली सहा मुलं निरोप पोचवायला लागतात. त्यांना एकाच रांगेत, मधे दोन बाक सोडून, एकामागे एक बसवावं. चेहरा दिसला नाही की गप्पांची मजा जाते. शिकवताना आपण त्यांच्या बाजूनं फिरावं. बोलणं न थांबवता बाकावरच्या उघड्या वहीवर बोट ठेवायचं आणि पुढे जायचं. नाव घेऊन ओरडलं तर दोन गप्प होतात आणि साठ बघतात.

करंगळीचा प्रश्न नाजूक आहे. एक करंगळी वर झाली की पाच होतात. पण खरोखर घाई असलेल्या मुलाला, विशेषतः मुलींना, अडवणं हा गुन्हाच समजावा. दाराशी खिळ्याला दोन लाकडी बिल्ले टांगावेत, एक मुलांचा, एक मुलींचा. बिल्ला खिळ्यावर असेल तर न विचारता घेऊन जायचं, नसेल तर थांबायचं. विचारण्यातली जाहिरात गेली की निम्म्या करंगळ्या आपोआप खाली येतात. बिल्ला मात्र वितभर लांब हवा. छोटा असला की खिशात घरी जातो.

मग मामा येतात. सूचनावही, तातडीची माहिती, कोणाचं आधार, कोणाची शिष्यवृत्ती. सहीला अर्धं मिनिट लागतं, वर्ग परत आणायला पाच. यावर नियम असा: मामा दारात दिसले की वहीच्या शेवटच्या पानावर १७चा पाढा. सांगायचं नाही, आपोआप. पुढच्या वेळी १९चा. आमच्या मामांना वाटतं, मुलं त्यांना बघून अभ्यासाला लागतात, आणि हा गैरसमज दूर करायचं काही कारण नाही.

शिक्षेबद्दल कायदा स्पष्ट आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारण्यालाही मनाई करतं आणि मानसिक त्रासालाही, म्हणजे अंगठे धरायला लावणं गेलं आणि ‘तुझ्या भावानं काय दिवे लावले ते माहीत आहे’ हेही गेलं. सगळ्या वर्गाला उभं करणं तर मला कधी कळलंच नाही. बसलेली मुलं फक्त शेजाऱ्याशी बोलू शकतात. उभी केली की चौथ्या बाकापर्यंत दिसतं. त्यापेक्षा बाकाजवळ वाकून हळू आवाजात, ‘आत्ता लिहितोस की सुट्टीत?’ मात्र सुट्टीत म्हणाला तर आपणही सुट्टीत थांबायचं आहे, आणि त्याला ते माहीत असतं.

शेवटची चार मिनिटं वह्यांची. गृहपाठ घंटेच्या आधी लिहून घ्यावा. घंटेनंतर सांगितलेला गृहपाठ उद्या कोणीच ऐकलेला नसतो. वह्या तपासायच्या पानावर उघडून, मागच्या बाकापासून पुढे, एकीत एक घालत याव्यात. मिटलेल्या वह्यांत पान शोधायला प्रत्येकी दहा सेकंद धरा, ६२ वह्यांना दहा मिनिटं होतात, तीही आपल्याच ऑफ तासातली. एवढ्यात सहाव्या तासाचे सर दारात येऊन घड्याळ बघू लागतात, त्यामुळे फळ्याच्या दोघांना लगेच उठवावं. दोघांना डस्टर एकच द्यावं. दोन दिली की फळा तसाच राहतो आणि दोघंही पांढरी होऊन सहाव्या तासाला बसतात.