टॉवेल कोणी धुतले?

आज पवित्र गुरुवार. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आराधनेला बसायचं सोडून मी घरी फोन घेऊन बसलेय. ज्यांना यावर काही म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीचा, पाय धुण्याचा विधी संध्याकाळी छान झाला. खरंच छान, टोमणा नाही मारत. पूर्वी बारा जण म्हणजे बारा पुरुष, तेही पहिल्या बाकावरचे, घरून पाय घासून आणि नवे मोजे चढवून आलेले. २०१६ साली पोप फ्रान्सिसनी बायकांचे पाय धुवायला रीतसर मोकळीक दिली, ती आमच्या वसईतल्या या कोपऱ्यात पोहोचायला बराच वेळ लागला. पण या वर्षी रिक्षावाला होता, नर्स होती, मासळी विकणारी होती आणि देवळाची झाडलोट करणारी आमची बाईसुद्धा होती. फादर गुडघ्यांवर बसले, तिच्या भेगाळलेल्या टाचेवर पाणी ओतलं, पुसलं, वाकून पायाचं चुंबन घेतलं. माझे डोळे भरून आले. मिस्सा संपायच्या आत ग्रुपवर फोटो पडले, खाली हात जोडलेल्यांची रांग.

नंतर मी पाणी प्यायला मागच्या नळावर गेले, तर ही तिथे उकिडवी बसलेली. पुढ्यात टब, टबात बारा पांढरे टॉवेल. मघाशी तिचेच पाय ज्याने पुसले तोही त्यातच. म्हटलं, अगं, आज तरी राहू दे. "उद्या वाळाय पायजेत बाई," म्हणाली. आणि साबण चोळता चोळता, सहज सांगावं तसं, "जरा पगाराचं सांगा ना कोनाला. दोन महिने झाला नाय. होळीलापन उसने घेतले."

ती वारली, आणि वारली आदिवासींच्या घरी होळी म्हणजे केवढा मोठा सण असतो हे वसईत राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

देवळाच्या कमिटीतले एकजण बाहेरच भेटले, त्यांना विचारलं. "मॅडम, आपण कंत्राटदाराला वेळेवर पैसे दिलेत. तो पुढे देत नाही त्याला आपण काय करणार? अजेंड्यावर घेतलाय विषय. ईस्टरनंतर बघू."

ईस्टरनंतर! म्हणजे प्रभू मरणार, पुरला जाणार, तिसऱ्या दिवशी उठणार, आपण मटण खाणार, आणि मग तिच्या पगाराचं बघणार.

मला आजोबा आठवले. आमची वाडी होती, केळी, पानवेल, थोडी फुलं. कामाला वसईच्या पूर्वपट्टीतल्या वारली बायका यायच्या. सांजघंटा झाली की घरात रोझरीची प्रार्थना, आणि घंटेच्या आत मजुरी हातावर पडलीच पाहिजे हा आजोबांचा नियम. एकदा दादरच्या व्यापाऱ्याचे पैसे आलेच नाहीत. घंटा झाली, आजीने मेणबत्ती लावली, आम्ही पोरं गुडघ्यांवर. आजोबा अल्तारासमोर येईनात. सायकल काढली आणि उसने आणायला पापडीला गेले. बायका अंगणात ताटकळलेल्या, आम्ही आत. परत आल्यावर आजी फणकारली, "देवाला असं थांबवून ठेवतात?" आजोबा नाणी मोजत म्हणाले, "देवाचं जेवण झालंय. यांची चूल पेटायचीय अजून."

लगेच खाली बदामाचे इमोजी टाकू नका. आजोबा काही संत नव्हते. त्याच बायकांचे चहाचे कप आमच्या ओटीवर वेगळ्या खुंट्यांना टांगलेले असायचे, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. त्यांच्या पोटात करुणा किती होती देव जाणे. पण मजुरी त्यांच्या लेखी दानधर्मात मोडत नव्हती, ते देणं होतं. आपल्याकडे आता उलटं झालंय, करुणेचा पूर आलाय आणि देणं थकलंय. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दानपेटी घरोघरी फिरली, ती भरली म्हणून वेदीवरून आपलं कौतुकही झालं. ते पैसे गरिबांना जाणार. मग ही टबापाशी बसलेली कोण?

बायबलातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घ्या, मत्तय, विसावा अध्याय. शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाचा दिनार मिळाला, त्यावरून देवाच्या कृपेची प्रवचनं मी जन्मभर ऐकली. पण त्या मळेवाल्याने संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावून मजुरी वाटायला लावली, त्यावर कुणी बोट ठेवल्याचं मला आठवत नाही. कारभारी त्याच्याकडेही होता हो! 'मी कारभाऱ्याला दिलेत, तो देत नाही' असं म्हणून तो घरी गेला नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण घोकलं होतं, स्वर्गाकडे टाहो फोडणारी पापं चार. त्यात खून आहे आणि मजुराची मजुरी अडवून ठेवणंही आहे. एकाच यादीत! पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढलं, आणि मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी त्यांचीच आठवण ठेवून लिओ हे नाव घेतलं. तेव्हा आपण काय टाळ्या पिटल्या होत्या.

हो, कबूल, कंत्राट उगाच आलेलं नाही. पीएफ, ईएसआयची कागदपत्रं सांभाळायला देवळाकडे माणूस नाही, गळक्या छपराचा खर्च आहे. कंत्राटदाराने बुडवलं तर मूळ मालकाने द्यायचं हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही लिहिलेलं होतं, पण आपल्या झाडलोटीच्या चार बायकांच्या कामाला ते लागू होतं का यावर वकील रात्रभर भांडतील. भांडू देत. आजोबांनी सायकल काढण्यापूर्वी वकिलाला विचारलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त राग आपल्याच लोकांचा येतोय, म्हणजे ही पोस्ट वाचून 'अगदी खरं' लिहिणाऱ्यांचा. वसईची हिरवळ वाचवायला निघालेल्या फादर दिब्रिटोंच्या हरित वसईच्या मोर्चात चाललेली माणसं आपण. आदिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या, पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना तळोजा तुरुंगात साध्या स्ट्रॉ-सिपरसाठी अर्ज करावा लागला, तेव्हा स्टेटस ठेवले, ५ जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा रडलो. ते रडणं खोटं नव्हतंच. पण तळोजाच्या जेलरला जाब विचारणं आपल्याला जमतं, आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या कमिटीच्या माणसाला 'पैसे कधी देताय' एवढं विचारताना घसा बसतो. उद्या त्याच्या मुलाच्या लग्नाला जायचं असतं ना.

आणि घरं तरी काय वेगळी? चार दिवस गावी गेली म्हणून भांडीवालीचे पैसे कापणाऱ्या, आणि वर ईस्टरला तिला केक देणाऱ्या किती जणी माझ्या यादीत आहेत मला माहीत आहे. केक द्याच, पण कापलेले पैसेही द्या.

फादरांबद्दल मात्र कुणी वाकडं लिहू नका. पोरगेलेसे आहेत, नवे आहेत, मघाशी गुडघ्यांवर बसले ते मनापासून बसले होते. हिशेबाच्या वह्या त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसाव्यात. आता फोन केला तर ऐकून गप्पच झाले, म्हणाले, "बाई, मला हे कुणी सांगितलंच नाही." माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

तर उद्या गुड फ्रायडे. दुपारच्या विधीआधी मी कार्यालयात जातेय. दोन महिन्यांचा पगार, चौघींचा, शनिवारी रात्रीच्या मिस्सेआधी देवळाने स्वतः द्यावा आणि कंत्राटदाराकडून नंतर वसूल करत बसावं, एवढंच मागणार आहे. तिजोरीत नसतील तर आपण काढू, पण उसने म्हणून, पावती घेऊन. वर्गणी म्हणून अजिबात नाही. ज्यांना यायचंय त्यांनी अडीच वाजता या. 'इनबॉक्समध्ये बोलू' असं कुणी लिहू नका, मी इनबॉक्स उघडणार नाही.