सेटिंग बुक नंतर, साहस आधी

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ खेळणाऱ्या आपल्या मंडळींत पुन्हा तोच वाद पेटलाय: खेळाच्या एकेका काल्पनिक जगावर किती पुस्तकं काढावीत? एक गट म्हणतो, खेळाची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट प्रत्येक जुन्या जगाच्या तोंडावर एकेक पुस्तक फेकतं आणि मोकळं होतं. दुसरा गट म्हणतो, जगं वाढवूनच आधीची प्रकाशक टीएसआर बुडाली, तेव्हा एक पुस्तक मिळतंय तेही पुष्कळ. आता त्याला आपल्याकडचं शेपूट लागलंय: सांगली-साताऱ्याच्या मुलखावर बेतलेलं मराठी जग काढायचं झालं, तर सुरुवात तीनशे पानी सेटिंग बुकने, म्हणजे जगाचा भूगोल-इतिहास सांगणाऱ्या पुस्तकाने, करायची का? माझं उत्तर सरळ नाही असं आहे. पहिल्यांदा साहस, म्हणजे टेबलावर लगेच खेळता येईल अशी तयार गोष्ट, छापा, जग त्याच्या मागून येऊ दे.

आधी टीएसआरचं बघू, कारण तो दाखला सगळेच अर्धवट देतात. तिने काढलेली जगं अशी: 1989 ला स्पेलजॅमर, 1990 ला रेव्हनलॉफ्टचा बॉक्स, 1991 ला डार्क सन, 1992 ला अल-कादिम, 1994 ला प्लेनस्केप, 1995 ला बर्थराइट. फॉरगॉटन रिल्म्स आणि ड्रॅगनलान्स त्याआधीपासून होतेच. पण नुसत्या आकड्याने कंपनी बुडत नाही. यातल्या बहुतेक जगांमागे पुरवणी पुस्तकांची स्वतंत्र रांग लावली होती, आणि डार्क सन खेळणारा बर्थराइटच्या रांगेत उभा राहत नव्हता. गिऱ्हाईक तेवढंच, फक्त वाटलं गेलं. त्यात नकाशे आणि पुस्तिका भरलेले खर्चिक बॉक्स, शिवाय पुस्तकविक्रीच्या साखळीतून न खपलेला माल परत येत होता तो वेगळाच. 1996 सरता सरता छापखान्याची देणी थकली आणि 1997 मध्ये विझार्ड्सने कंपनी घेतली. म्हणून ‘जगं कमी ठेवा’ एवढाच धडा घेणाऱ्यांनी ‘एकेका जगामागे पुस्तकांची शेपटी लावू नका’ हा दुसरा भागही घ्यावा.

विझार्ड्सने तो घेतला, जरा जास्तच घेतला. 2022 चा स्पेलजॅमर बघा. 64 पानांची तीन पुस्तकं: एक जगाचं, एक राक्षसांचं, एक साहसाचं. किंमत 69.99 डॉलर. लोक स्पेलजॅमर घेतात कशासाठी? आकाशात जहाजं एकमेकांवर घालायला. नेमके जहाजांच्या लढाईचे नियम त्यात नावापुरते. पुढच्या वर्षी प्लेनस्केपला तीनपैकी दोन पुस्तकं 96 पानांची दिली, म्हणजे ओरड ऐकू गेली होती. उलट 2019 चं एबेरॉन 320 पानांचं, एकच पुस्तक, आणि त्यावर वर्षभर टेबल चालतं. तेव्हा एक जग-एक पुस्तक हे धोरण मला वाईट वाटत नाही. पानं कशावर खर्चली, भांडण तिथे आहे.

पानं भलतीकडे जातात त्याचं कारण धंद्याचं आहे. टेबलावर पाच जण बसले तर सेटिंग बुक घेतो एकटा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा). उरलेल्या चौघांच्या खिशात हात घालायचा तर पुस्तकात सबक्लास (पात्रांच्या पेशांचे पोटप्रकार), नव्या जमाती, मंत्र घालावे लागतात, मग शहरं आणि माणसं आखडतात. 2008 ला फॉरगॉटन रिल्म्सची आणि 2009 ला एबेरॉनची दोन-दोन पुस्तकं निघाली, खेळाडूंचं वेगळं, डीएमचं वेगळं. 2014 नंतर दोन्ही पुन्हा एकाच जिल्दीत. 2025 मध्ये फेरूनची, म्हणजे फॉरगॉटन रिल्म्सच्या मुख्य खंडाची, परत दोन पुस्तकं, हीरोज आणि अ‍ॅडव्हेंचर्स. सतरा वर्षांत गाडी फिरून त्याच फाट्यावर. ज्यांना यात मोठं धोरण दिसतं त्यांना दिसू दे.

आता माझा खरा मुद्दा. टिकलेली जगं निघाली कशी ते तारखा लावून बघा. ग्रेहॉकची राक्षसांवरची साहसं 1978 ची, जगाची पुस्तिका 1980 ची, आणि तीही 32 पानं आणि एक मोठा दोन भागांतला नकाशा. रेव्हनलॉफ्ट 1983 मध्ये 32 पानांचं एक साहस होतं, जग व्हायला त्याला सात वर्षं लागली. पाथफाइंडर हा याच जातीचा खेळ काढणाऱ्या पायझो कंपनीने 2007 च्या ऑगस्टपासून दरमहा 96 पानी साहस काढलं, प्रत्येकाच्या मागच्या पानांत एखादं गाव, एखादा देव, चार-दोन राक्षस. गोलॅरियन या त्यांच्या जगाचं जाड पुस्तक आलं 2008 मध्ये, तोवर वाचक त्या जगात वर्षभर हिंडून आले होते. शिवाय भुताखेतांचा देश, वाळवंटी देश, व्हुद्रा नावाच्या मुलखातून आलेल्यांचं जालमेरे बेट, सगळं एकाच गोलावर, त्यामुळे गिऱ्हाईक फुटलं नाही. कुणी म्हणेल, डार्क सन आणि एबेरॉन तर थेट जग म्हणूनच आली. आली, पण डार्क सनच्या पहिल्या बॉक्समध्येही साहस होतं आणि 2004 च्या एबेरॉनच्या शेवटीही. (जत-आटपाडीच्या माणसाला डार्क सनचं करपलेलं, पाण्याविना जग समजावून सांगायची गरजच नाही, ते सोडा.)

आपल्याकडचे मराठी मसुदे नेमके उलटे सुरू होतात. पाच हजार वर्षांचा इतिहास, चाळीस राजांची वंशावळ, आणि सेशनला बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय घडतं, यावर एक ओळ नाही. महाराजांचा स्टॅट ब्लॉक (खेळातल्या ताकदीचे आकडे) काढायची टूमही कुणी काढू नये. श्रद्धेचा प्रश्न आहेच, पण खेळाच्या हिशेबानेही ते चुकतं: एवढा मोठा माणूस नकाशावर असला की खेळाडूंना करायला काही उरत नाही. फॉरगॉटन रिल्म्सवाले त्या जगातल्या बलाढ्य जादूगार एल्मिन्स्टरच्या नावाने हेच रडगाणं कधीपासून गातायत.

त्यापेक्षा हरिपूरची हळदीची पेवं घ्या. जमिनीखाली खोल कोठार, तोंड अरुंद, पोट मोठं. झाकण काढून हवा खेळू दिल्याशिवाय आत उतरायचं नसतं, नाहीतर माणूस गुदमरतो. हे ‘या नगरीत हळदीचा मोठा व्यापार चालतो’ असं लिहिलं तर वाया गेलं. टेबलासाठी असं लिहा: झाकण उघडून लगेच उतरलात तर दर मिनिटाला डीसी 12 चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (वीस बाजूंचा फासा टाकून, तब्येतीची भर घालून 12 गाठणं), चुकला की एक पायरी थकवा. तासभर थांबलात तर हवा ठीक, पण दर दहा मिनिटांनी डी6 (सहा बाजूंचा फासा) टाका, 1 आला की राखणदार कंदील घेऊन हजर. रांगेत अशी बारा पेवं, त्यातल्या तिसऱ्यात हळद नाही. पाव पानात गाव, व्यापार, धोका आणि गुपित, चारही आले. कृष्णा-वारणेचा संगम शेजारीच आहे, तेव्हा सहाव्या दिवशी पूर आणा. 2005 च्या महापुरात खरी पेवं पाण्याखाली गेली होतीच.

पानांचा हिशेब असा करा. आपले छापखाने 16 पानांच्या फर्म्यात (एकदम छापल्या जाणाऱ्या कागदात) बोलतात, म्हणून चार फर्मे, 64 पानं. 26 साहसाला, 12 नकाशा आणि ठिकाणांना, 8 राक्षसांना, 6 तीन गटांना (प्रत्येकाला काय हवंय आणि खेळाडूंनी हात घातला नाही तर तो महिन्याभरात काय करेल), 6 तक्त्यांना, 4 माणसांना, 2 सूचीला. 66 पानं झाली की पाचवा फर्मा लागतो आणि 14 पानं कशाने भरायची हा नवा घोळ. तिथेच ती वंशावळ परत घुसते. ऑफसेटला प्लेटचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी तेवढाच, त्यामुळे पन्नास-शंभर प्रतींना डिजिटलच बरं. मजकूर युनिकोडमध्येच बसवा. जुन्या फॉन्टातल्या पीडीएफमध्ये शोध चालत नाही आणि डीएमला ऐन लढाईत स्टॅट ब्लॉक सापडत नाही.

परवान्याचं सोपं आहे. ओजीएल (डी अँड डीच्या नियमांवर बेतलेलं छापायचा जुना परवाना) बदलण्यावरून जानेवारी 2023 मध्ये रणकंदन झालं, त्यानंतर एसआरडी 5.1 (खेळाच्या मूळ नियमांची संहिता) क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यात आली, 2025 मध्ये 5.2 सुद्धा. श्रेयाची ओळ जशीच्या तशी छापा आणि मराठीत खुशाल विका. फेरून किंवा रेव्हनलॉफ्ट मात्र त्यात येत नाहीत. ते हवे असतील तर विझार्ड्सच्या जगांवरचं साहित्य विकायचं संकेतस्थळ डीएम्स गिल्ड, तिथे लेखकाच्या हातात किमतीतला अर्धा हिस्सा पडतो आणि तो मजकूर दुसरीकडे विकता येत नाही. स्वतःचं जग उभं करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

हरिपूर झालं की दुसरी पुस्तिका वासोटा-बामणोलीकडे, कोयनेच्या जंगलात न्या. तिसरी माणदेशात, तलाव आटल्यावर तळाशी काय दिसतं त्यावर. तिन्हींत तेच तीन गट फिरवत ठेवा. तिन्ही टेबलांवर खेळून झाल्या, चुका कळल्या, की एकत्र करा: 192 पानं, बारा फर्मे, पुठ्ठा बांधणी. तेव्हा त्याला खुशाल सेटिंग बुक म्हणा, आणि राजांची वंशावळ घालायचीच असेल तर आतल्या कव्हरवर घाला.