‘पाणी नासवणाऱ्यालाच अनुदान?’: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

“शेतकरी खतं ओतून पाणी नासवणार आणि सरकार त्यांनाच ते सुधारायला पैसे देणार! सरळ दंड ठोका, दोन वर्षांत नद्या स्वच्छ होतील. शेतकऱ्यांचे गट पैसे खातील, दुसरं काय?” अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या अनुदानाचा दाखला देत हा मजकूर गटागटांत फिरतोय. मला तो मनापासून चुकीचा वाटतो.

आधी दंडाचं बघू. कारखान्याचं सांडपाणी पाइपातून येतं, पाइप सापडला की मालक सापडतो. नायट्रेट, म्हणजे खतातल्या नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, तसं येत नाही. पिकानं न उचललेला नत्र पावसाबरोबर हजारो शेतांतून झिरपतो. त्यातला तुमचा किती, शेजाऱ्याचा किती, हे कोण ठरवणार? म्हणूनच अमेरिकेच्या 1972च्या कायद्यानं कारखान्यांना परवान्यात बांधलं, पण शेतातून पावसानं वाहणारं पाणी त्या परवान्याबाहेरच राहिलं. तरीही आयोवातल्या डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेनं नदीच्या पाण्यातल्या नायट्रेटवरून 2015 मध्ये खटला भरला. तिथल्या शेतांत जमिनीखाली निचऱ्याचे पाइप असतात, आपल्या सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीत घालतात तसे. ते सांभाळणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंटींतल्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) निचरा मंडळांवर तो खटला होता. 2017 मध्ये तो फेटाळला गेला, कारण हे प्रदूषण थांबवण्याचा अधिकारच त्या मंडळांना नव्हता. आणि 2025च्या जूनमध्ये डे मॉइन भागात नायट्रेट इतकं चढलं की ते काढणारी यंत्रणा पुरी पडेना आणि लोकांना अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली. दोन वर्षांत नद्या स्वच्छ करणारा दंड तो कुठला?

‘पैसे खातील’ म्हणणाऱ्यांनी विस्कॉन्सिनच्या अटी तरी वाचाव्यात. एकाच पाणलोटातले किमान पाच शेतकरी एकत्र यायला हवेत, सोबत एखादी संवर्धन संस्था किंवा विद्यापीठासारखा जोडीदार हवा. एका गटाला वर्षाला जास्तीत जास्त 40,000 डॉलर. त्यातून मुख्य पिकाआधी-नंतर जमीन झाकणारी पिकं, माती-पाण्याच्या तपासण्या, एकमेकांच्या रानावरची शिवारफेरी असली कामं होतात. रक्कम कमीच आहे, हा आक्षेप मला मान्य. पण शेजाऱ्याच्या रानात कमी खतात तेवढंच पीक उभं राहिलेलं पाहून शेतकरी जे शिकतो, ते नोटिशीनं शिकत नाही.

न्यू यॉर्क शहराचं उदाहरण तर याहून मोठं. 1990च्या सुमारास शहरानं, जिथून त्याचं पाणी येतं त्या कॅट्सकिल डोंगरातल्या शेतकऱ्यांवर कडक नियम लादायचं ठरवलं, तेव्हा गावं पेटून उठली. शेवटी वाटाघाटी झाल्या. खर्च शहराचा, आखणी शेतकऱ्यांच्याच परिषदेची, सहभाग ऐच्छिक. मात्र पाच वर्षांत 85 टक्के शेतकरी सामील व्हायलाच हवेत. ते झाले. गोठ्याचं पाणी, शेणाचे ढीग ओढ्यापासून दूर गेले. नाहीतर शहराला पाणी गाळायचा प्रकल्प बांधावा लागला असता, त्याचा खर्च अब्जावधी डॉलरचा होता, आणि त्या डोंगरांतून येणारं पाणी शहर आजही न गाळता पितं. इथे शहरानं स्वतःच्या पाण्याचं मोल दिलं, याला कुणी बक्षीस म्हणत असेल तर म्हणो.

आता आपल्याकडे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024च्या अहवालात महाराष्ट्रातल्या भूजलाच्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर आढळलं. तान्ह्या बाळांना ते घातक ठरू शकतं. पाणलोटाच्या कामांत आपण पाणी किती अडलं ते मोजतो, त्यात काय विरघळलंय ते क्वचितच विचारतो.

आणि ‘नासवणाऱ्याला पैसे’ म्हणायचंच असेल तर युरियाकडे बघा. 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते, बाकीची किंमत सरकार भरतं. म्हणजे नत्र ओतायला पैसे आपण आधीपासूनच देतोय. तोच नत्र मोजून टाकणाऱ्या पाच शेतकऱ्यांच्या गटाला माती आणि विहिरीचं पाणी तपासायला चार पैसे दिले, तर आक्षेप नेमका कशाला?